थांबलेली शर्यत पुन्हा सुरू होते तेव्हा

कोणतीही शर्यत दोन प्रकारांनी संपते. एक प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. शेवटची रेघ ओलांडली जाते, निकाल लागतो आणि मंडळी घरोघर जातात. दुसरा प्रकार असा की, शर्यतच मुळी भरेनाशी होते. मैदान जागच्या जागी असते, हौशी माणसे असतात, जुन्या विजयांच्या आठवणी असतात. परंतु शर्यतीचा दिवस मात्र उगवत नाही. अशा वेळी त्या शर्यतीचे चाहते काय करतात, किती वर्षे वाट पाहतात, आणि अखेर ती परत आली तर पूर्वीचीच परत येते की काय, हा विषय वाटतो त्याहून बराच गंभीर आहे. महाराष्ट्राने या प्रश्नाचा अनुभव नुकताच घेतलेला आहे.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात याच नावाचे दुसरे गाव असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. टेंभुर्णी हे एका झाडाचे नाव. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तेच हे झाड. जाफराबाद तालुका मराठवाड्याच्या अगदी कडेस आहे. त्यास लागून विदर्भातला बुलढाणा जिल्हा सुरू होतो. मराठवाड्याच्या या भागात आणि पलीकडे विदर्भात बैलांच्या शर्यतीस ‘शंकरपट’ असे भारदस्त नाव आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, खेड, आंबेगाव या बाजूस तिलाच ‘बैलगाडा शर्यत’ म्हणतात आणि तिच्या धावपट्टीस ‘घाट’. सातारा-सांगलीकडे हलका ‘छकडा’ जुंपून उघड्या मैदानावर शर्यत होते, तर अलिबागच्या बाजूस समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूवर गाड्या धावतात. नावे निराळी, रीती निराळ्या. मूळ आवड एकच.

शंकरपटाची रचना साधी आहे. दोन बैलांच्या मानेवर जू ठेवावयाचे, मागे नावापुरती हलकी गाडी, आणि तीवर एकच हाकणारा. त्यास विदर्भात ‘धुरकरी’ म्हणतात. कोठे जोड्या शेजारीशेजारी सोडतात, कोठे एकेक जोडी स्वतंत्र धावते आणि तिला लागलेला काळ घड्याळाने सेकंदाच्या अंशापर्यंत मोजतात. सारा खेळ काही सेकंदांचा. या काही सेकंदांसाठी शेतकरी वर्षभर जोडीस खुराक घालतो, तिला चालवतो, पोहावयास नेतो. पश्चिम महाराष्ट्रातील मैदानांत तर बैलांच्या दातांवरून गट पाडतात. दुधाचे दात असलेला तो आदत, कायमचे दोन दात आलेला तो दुसा, चार दात आलेला तो चौसा. शाळेत इयत्ता असाव्यात तसाच हा प्रकार आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी की, बैलाच्या वयास या खेळात फार मोठे महत्त्व आहे. पुढील विवेचनात याच गोष्टीचा उपयोग व्हावयाचा आहे.

शर्यती थांबल्या त्या कायद्याने. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० सालचा. त्याच्या बाविसाव्या कलमाखाली, ज्या प्राण्यांस शिकवून खेळ करून दाखविण्यास मनाई आहे अशांची यादी सरकारला प्रसिद्ध करता येते. अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्या पंक्तीस जुलै २०११ मध्ये बैलाचेही नाव जोडले गेले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने शर्यतींस बंदी केली. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंस अटकाव करणारा निकाल दिला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने बैलाच्या शरीररचनेचा आणि स्वभावाचा विचार करून म्हटले की, घोड्याप्रमाणे धावणे हा बैलाचा धर्म नव्हे, आणि करमणुकीसाठी त्यास तसे धाववणे म्हणजे त्यास पीडा देणे होय.

हे म्हणणे नीट समजून घेणे अवश्य आहे. कारण अनेक हौशी लोकांनी ते केवळ शहरी मनाचा लहरीपणा म्हणून उडवून लावले. बैल हा शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला आहे, शिकार करणाऱ्यांच्या नव्हे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे मान न वळवताही त्यास बहुतेक सभोवारचे दिसते. धोका दिसताच पळावे, ही निसर्गाने त्यास दिलेली संरक्षणाची युक्ती. वाघापुढून पळणारा बैल जितका वेगाने पळतो तितका वेग तो हौसेने दाखवील असे नाही. तेव्हा शर्यतीत वेग पाहिजे असेल तर तो दोन मार्गांनी मिळतो: एक, चांगली पैदास, सराव आणि हाकणाऱ्याच्या आवाजाची सवय, दुसरा, भीती आणि वेदना. पराणी टोचणे, शेपूट पिरगाळणे किंवा दातांनी चावणे, चाबूक, विजेचा झटका, दारू पाजणे हे दुसऱ्या मार्गाचे उपाय. पहिला मार्ग लांबचा आणि खर्चाचा आहे, दुसरा जवळचा. बक्षीस मोठे आणि देखरेख ढिली असेल तेथे माणूस कोणता मार्ग धरील, हे सांगावयास भविष्यवेत्त्याची गरज नाही. बंदीचे खरे कारण येथे आहे.

२०१४ च्या मेपासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे साडेसात वर्षे, महाराष्ट्रात कायदेशीर शर्यत नव्हती. माणसाच्या आयुष्यात साडेसात वर्षे म्हणजे एक साडेसाती. ती सरते आणि माणूस पुन्हा कामास लागतो. बैलाचे गणित असे नाही. बंदीच्या महिन्यात जन्मलेले वासरू अडीच वर्षांच्या सुमारास दुसा झाले, पुढे चौसा झाले, साडेचार-पाच वर्षांचे होईतो त्याचे आठही दात पुरे झाले, आणि बंदी उठली तेव्हा ते आठव्या वर्षात होते. त्याच्या अंगी वेग होता की नव्हता हे कोणासही कळले नाही. बैलांची एक सबंध पिढी अशी परीक्षेवाचून गेली. पैदास करणाराच्या दृष्टीने ही लहान हानी नव्हे. कारण कोणता वळू चांगला हे त्याच्या संततीच्या धावण्यावरून ठरविण्याची रीत असेल, तर धावणे थांबताच निवडही थांबते.

शिवाय वाट पाहणे फुकट होत नाही. शर्यतीचा बैल शर्यत नसली तरी दररोज खातो. ज्या घरी ट्रॅक्टर आला, तेथे बैलास नांगराचेही काम उरत नाही. मग तो पोसावयाचा कशासाठी? सरकारी पशुगणनेचे आकडे या प्रश्नाचे उत्तर देतात. २०१२ आणि २०१९ या दोन गणनांच्या दरम्यान भारतातील गाईंची संख्या वाढली, परंतु गोवंशातील नरांची संख्या जवळजवळ ३० टक्क्यांनी घटली. या घटीस शर्यतबंदी कारण झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. यंत्रे, दुधाचा धंदा आणि संकरित जनावरे ही तिची मोठी कारणे. पण चपळाईसाठी प्रसिद्ध असलेली सोलापूर-सातारा-सांगलीकडची खिल्लार काय, किंवा मराठवाड्यातील लाल कंधारी आणि देवणी काय, या जातींच्या बैलांस गोठ्यात ठेवण्याची जी थोडी कारणे शिल्लक होती, त्यांपैकी एक बंदीमुळे गेले, एवढे निश्चित. त्या साडेसात वर्षांत ज्यांनी जोडी विकली नाही त्यांनी केवळ आशेवर पैसा खर्च केला.

आता याच काळात जगात दुसरीही एक शर्यत थांबलेली होती, आणि तिचेही चाहते वाट पाहत होते. ही शर्यत मातीवरची नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरची आहे. आपल्या घरातील मुले हातात कळयंत्र घेऊन जे खेळ खेळतात, त्यांतला हा एक जुना व मानाचा खेळ. त्याचे नाव ‘एफ-झीरो’. जपानमधील क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीने तो २१ नोव्हेंबर १९९० रोजी, आपल्या ‘सुपर फॅमिकॉम’ या नव्या खेळयंत्राबरोबर विक्रीस आणला. कथा इसवी सन २५६० मधील. त्या काळी वाहनांना चाके उरलेली नाहीत. ती जमिनीपासून किंचित अधांतरी राहून कल्पनेपलीकडच्या वेगाने धावतात, अशी ती कल्पना.

या खेळाने पाहणारास चकित केले ते एका युक्तीने. त्या यंत्रास खरी खोली असलेले चित्र काढण्याचे सामर्थ्य नव्हते. तेव्हा सबंध धावपट्टीचे एक सपाट चित्र, जणू वरून काढलेला नकाशा, स्मृतीत ठेवला. पडद्यावरील प्रत्येक आडवी ओळ रेखाटताना यंत्र त्या नकाशास थोडे फिरवी व कमीअधिक मोठे करी. पडद्याच्या खालच्या, म्हणजे जवळच्या, ओळी मोठ्या आणि वरच्या, म्हणजे दूरच्या, ओळी लहान. डोळा फसे आणि नकाशाचा रस्ता होऊन तो क्षितिजापर्यंत पसरलेला भासे. एखाद्याने अंगणातील रांगोळी उभे राहून न पाहता जमिनीस गाल टेकून पाहावी, तसा हा प्रकार. १९९८ साली आलेल्या पुढच्या खेळात ३० वाहने एकदम धावू लागली, आणि २००३ साली सेगा या दुसऱ्या कंपनीच्या साह्याने तयार झालेला ‘एफ-झीरो जीएक्स’ हा खेळ अनेक जाणकारांनी या मालिकेचा कळस मानला. २००४ च्या ऑक्टोबरात आणखी एक भाग केवळ जपानात निघाला, आणि नंतर मालिका थांबली. कोणी बंदी केली नव्हती, कोणी खटला भरला नव्हता. कंपनीने पुढचा भाग काढला नाही, एवढेच. या मालिकेतील नायक ‘कॅप्टन फाल्कन’ त्या कंपनीच्या दुसऱ्या एका खेळात कुस्ती खेळताना दिसे. पण त्याची स्वतःची शर्यत मात्र बंद. चाहत्यांनी जवळजवळ १९ वर्षे वाट पाहिली.

टेंभुर्णीकडचा शेतकरी आणि क्योतोच्या खेळाचा चाहता यांना एका ओळीत बसविणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु दोघांच्या प्रतीक्षेतील भेद पाहिला म्हणजे शर्यत ही वस्तू कशावर जगते ते स्पष्ट होते. पडद्यावरची शर्यत म्हणजे आकड्यांत लिहून ठेवलेली आज्ञावली. ती खात नाही, म्हातारी होत नाही, तिला दात येत नाहीत. १९९० मधील खेळ आजही, जसा होता तसाच, चालविता येतो. परंतु तिच्यावर मालकी एका कंपनीची. चाहत्याने कितीही आशा केली तरी नवा भाग काढण्याचा अधिकार त्याच्या हाती नाही. शंकरपटाचे नेमके उलट आहे. त्यावर कोणा एकाची मालकी नाही. चार गावांनी मनावर घेतले तर तो भरतो. परंतु तो कोठेही लिहून ठेवता येत नाही. बैल, धुरकरी आणि त्यांचा परस्परांचा सराव यांतच तो राहतो, आणि यांपैकी एकाची साखळी तुटली तर कितीही पैसा ओतून ती एका हंगामात जोडता येत नाही. एकाची प्रतीक्षा स्वस्त पण हतबल, दुसऱ्याची महाग पण आपल्या हातची.

दोन्ही शर्यती परत आल्या, आणि योगायोग असा की, त्यांचे पुनरागमन २०२३ या एकाच वर्षी पक्के झाले. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तिच्यात ‘बैलगाडा शर्यत’, ‘छकडी’ व ‘शंकरपट’ ही नावे प्रत्यक्ष घातलेली आहेत. गावकऱ्यांचा शब्द कायद्याच्या पुस्तकात गेला. तथापि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या आणि प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्या न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरविले. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी निन्टेन्डोने ‘एफ-झीरो ९९’ प्रसिद्ध केला. पुढे जून २०२५ मध्ये जुना ‘जीएक्स’ही कंपनीच्या नव्या यंत्रावर, वर्गणी भरणारांसाठी, उपलब्ध झाला.

मात्र परत आलेली शर्यत पूर्वीची नव्हती. ‘एफ-झीरो ९९’ मध्ये आरंभी मार्ग आणि वाहने १९९० मधीलच होती. पण आता जगाच्या निरनिराळ्या भागांतील ९९ माणसे एकाच वेळी त्या अरुंद मार्गावर उतरतात. काही चाहते आनंदले. काहींचे म्हणणे पडले की, आम्ही नवा भाग मागितला होता, जुन्याचे नवे रूप नव्हे. शंकरपटाचे तसेच झाले. घटनापीठाने २०१४ चा निकाल चुकीचा होता असे म्हटले नाही. राज्यांच्या दुरुस्त्यांमुळे आणि त्यांखालील नियमांमुळे त्या खेळाचे स्वरूपच पालटले आहे, पूर्वी ज्यास मनाई झाली तो खेळ आता उरलेला नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे परवानगी मिळाली ती जुन्या शर्यतीस नव्हे; नियमांत सांगितलेल्या नव्या शर्यतीस मिळाली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी पाहिजे. धाव एक हजार मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. बैलांची पशुवैद्याकडून तपासणी झाली पाहिजे. काठी, चाबूक, पराणी, विजेचे यंत्र यांपैकी काहीही चालावयाचे नाही. मूळ १९६० च्या कायद्यात पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड सांगितलेला होता. राज्याच्या दुरुस्तीत तो पाच लाख रुपयांपर्यंत अथवा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेपर्यंत गेला.

येथे पडद्यावरील खेळातील एक नियम आठवण्यासारखा आहे. त्या मालिकेच्या १९९८ च्या व नंतरच्या काही भागांत, वाहनास एकाएकी जास्त वेग द्यावयाचा असेल तर तो वाहनाच्या शिल्लक शक्तीतूनच घ्यावा लागतो. ज्या शक्तीवर वाहन टिकून असते तीच खर्चून वेग मिळतो. फार खर्च केला तर एका धक्क्याने वाहनाचा चुराडा. पडद्यावर चुराडा झाला तर मुले हसून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. मातीवरील शर्यतीतही वेगाची किंमत कोणीतरी देतच असते, आणि जुन्या शर्यतीत ती हाकणारा देत नसून बैल देत होता. पाय मोडलेल्या बैलास पुन्हा पहिल्यापासून आरंभ करता येत नाही. नव्या नियमांचा सारा रोख ही किंमत बैलाच्या अंगावरून काढून मालकाच्या श्रमावर, म्हणजे पैदास, खुराक व सराव यांवर, टाकण्याकडे आहे.

हे साधते की नाही, हे कायद्याच्या कागदावरून कळणार नाही. काही मोठ्या शर्यतींत ट्रॅक्टर आणि मोटारी बक्षीस म्हणून दिल्या जाऊ लागल्या आहेत. बक्षीस जसे वाढते तसा जवळचा मार्ग धरण्याचा मोहही वाढतो. शहरातील सुशिक्षित कुटुंबे आता सुट्टीच्या दिवशी मुलांस घेऊन शर्यत पाहावयास जातात, आणि बैलांची ओळख मुलांस पुस्तकातील चित्रावरूनच होऊ नये म्हणून ते योग्यही आहे. अशा पाहुण्यांनी घड्याळातील सेकंद पाहण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. धुरकऱ्याच्या हातात कासऱ्याखेरीज काही आहे काय? सुटण्याच्या जागी बैलांच्या शेपटीशी माणसांची झोंबाझोंबी चालली आहे काय? आणि धाव संपल्यावर जोडीस सावली, पाणी व विश्रांती मिळते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मैदानावर समाधानकारक मिळतील, तेथील शर्यत खरोखर नवी आहे. जेथे मिळणार नाहीत, तेथे जुनीच शर्यत नवा परवाना घेऊन उभी आहे असे समजावे, आणि न्यायालयात हा विषय पुन्हा गेल्यास त्याचा दोष न्यायालयास देऊ नये.

जाफराबाद-बुलढाण्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्यास हे कोणी शहरातून जाऊन शिकवावे असेही नाही. पोळ्याच्या दिवशी ज्या बैलाच्या शिंगांस तो रंग देतो, त्याच्या खांद्यावरचा वळ त्याला इतर कोणाहूनही आधी दिसतो. साडेसात वर्षे ज्याने रिकाम्या मैदानासाठी जोडी सांभाळली, त्याने चांगली पैदास व सराव हाच मार्ग प्रत्यक्ष पत्करला होता. जवळच्या मार्गाने जाणारास इतकी वर्षे थांबण्याचे कारणच नसते. शंकरपट पुढे टिकावयाचा असेल तर तो अशा माणसांच्या हाती राहिला पाहिजे.